पाठ टेकायची भिंत

सीटमास्तरांच्या दुकानात झाडू रोज फिरायचा, पण कचरा कधी बाहेर जायचा नाही. झाडलेलं सगळं पोत्यांत जायचं. फोमची कात्रणं एका पोत्यात, रेक्झिनचे तुकडे दुसऱ्यात, जुन्या सीटमधून निघालेला काथ्या तिसऱ्यात, आणि ज्याला काय म्हणावं हे कोणालाच सांगता येणार नाही असं सगळं उरलेल्या पोत्यात. पोतं भरलं की ते दुकानाच्या माळ्यावर चढायचं, आणि माळा भरला की घरी यायचं. मास्तरीणबाई म्हणायच्या, लग्न ठरवताना मला सांगितलं होतं की मुलगा गाड्यांच्या सीट शिवतो. सोललेल्या सीट घरी आणतो हे मात्र सगळे सोयीस्कर विसरले.

मास्तरांना त्यांचं स्वतःचं नाव होतं, पण ते बँकेच्या पुस्तकापुरतं. बाकी सगळ्या बाजारात ते सीटमास्तरच. स्कूटरची सीट असो, बसची असो, न्हाव्याची खुर्ची असो की दाताच्या डॉक्टरांची, माणसाने बूड टेकावं असं जे काही असेल ते कधी ना कधी त्यांच्या हाताखालून जायचं. हे काम ते ज्या उस्तादांकडे शिकले, ते भारी कडक. शिवलेली सीट ते आधी उलटी करून बघत. गिऱ्हाइकाला जी बाजू कधीच दिसणार नाही, तिथे उघडं लाकूड दिसलं की फूटपट्टी बोटांवर बसलीच. त्यामुळे मास्तरांच्या हाताला एकच वळण पडलं होतं: काही उघडं ठेवायचं नाही. घरातल्या स्टुलालासुद्धा त्यांनी खालून अस्तर लावलं होतं. पाहुणे आले की मास्तरीणबाई ते स्टूल उलटं करून दाखवत आणि म्हणत, बघा, आमच्याकडे स्टूलसुद्धा बनियन घालतं.

तर अशा या मास्तरांच्या घराच्या मागे एक खोली होती. घराला नंतर जोडलेली, शेपटीसारखी मागे निघालेली. तिच्या दोन बाजूंना मोकळी जागा, तिथे रात्री ट्रक उभे राहत आणि दिवसा वारा. तिसऱ्या बाजूला दार आणि खिडकी, ती उघडायची छोट्याशा अंगणात. चौथी भिंत मागच्या गल्लीतल्या इमारतीच्या पाठीला चिकटलेली. आधी तिथे मास्तरांची पोती असायची. वडील गेले आणि आई त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा पोती व्हरांड्यात गेली आणि आई खोलीत.

आई आली याचं मास्तरांना काय वाटलं, ते त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण ते दुपारी जेवायला घरी यायला लागले, जे पूर्वी कधी येत नसत. लहानपणीच त्यांना उस्तादांकडे काम शिकायला ठेवलं होतं. झोपायचं दुकानात, अर्धवट शिवलेल्या सीटांच्या मध्ये. आईच्या हाताखाली राहायचं वय तिथे फोम कापण्यात गेलं. आता कुठे, डोक्यावरचे केस पांढरे झाल्यावर, देवाने तो हिशेब थोडाफार सरळ करायला घेतला होता.

आईचा दिवस ठरलेला. सकाळी आंघोळ झाली की ती मागच्या खोलीत चटई टाकायची, त्या चौथ्या भिंतीला पाठ टेकायची आणि माळ घेऊन नामस्मरणाला बसायची. नंतर तिथेच बसून भाजी निवडायची, तिथेच बसून सुनेला सल्ले द्यायची. सून त्यातले निम्मे ऐकायची आणि उरलेल्या निम्म्यांवर दोघी हसायच्या.

पण गेल्या हिवाळ्यात आईला खोकल्याने धरलं ते सोडायलाच तयार नाही. डॉक्टरांनी औषध दिलं आणि वर सांगितलं की खोली फार गार आहे, यांना अशा खोलीत ठेवू नका. ही गोष्ट दादांच्या कानावर गेली.

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी त्यांनी कोल्ड स्टोरेजच्या कचेरीत केली. आयुष्यभर बटाट्यांची थंडी सांभाळलेला माणूस; त्यामुळे आईच्या थंडीवरही पहिला हक्क आपलाच, असं त्यांना मनापासून वाटे. त्यांचं घर उंच इमारतीत, दारं-खिडक्या घट्ट बसणाऱ्या, खाली जाड गालिचा. माणूस वाईट नव्हता, मुळीच नव्हता. आईवर त्यांचा जीव होता. फक्त ते कशालाही हात लावून बघण्याऐवजी थर्मामीटर लावून बघत.

थंडीचे दिवस पुन्हा तोंडावर आले तेव्हा दादा घरी आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघ, मला भांडायचं नाही. खोली नीट होत असेल तर कर. तोवर आईला मी नेतो. पण महिनाअखेरच्या रविवारी येऊन बघेन, आणि खोली अशीच गार लागली तर आई माझ्याकडे. कायमची."

आईला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही दोघं ठरवा. पण जाताना पिशवी भरत असताना ती सुनेजवळ हळूच बोलली, ते मास्तरांनी दाराआडून ऐकलं. थोरल्याकडे सगळं आहे गं, ती म्हणाली, पण तिथे मला कोणी काम सांगत नाही. आई काही हवंय का, आई काही हवंय का, इतकं विचारतात की हवंसं काही उरतच नाही. इथे निदान तू मला भाजी तरी निवडायला देतेस.

मास्तर त्या दिवशी दुकानात गेलेच नाहीत. सरळ व्हरांड्यातली पोती उपसायला बसले.

त्यानंतरचा आठवडा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रिजच्या दुकानातून थर्मोकोल आला, फळवाल्याकडून मोडकी खोकी आली. मास्तरांनी आधी कागद भिजवून, त्यात खळ कालवून भिंतीच्या भेगा बुजवल्या. मग खोक्यांच्या फळ्या चिरून पट्ट्या केल्या आणि त्या भिंतीवर चौकटीसारख्या ठोकल्या. भिंतीला अगदी चिकटवून काही लावायचं नाही, बोटभर जागा सोडायची, हे त्यांनी सीटवरूनच ओळखलं होतं. ओल कोंडली की आतून कुजतं. त्या चौकटीत थर्मोकोल, त्यावर गोणपाटात शिवलेला काथ्या, त्यावर फोमची कात्रणं, आणि वरून रेक्झिन. रेक्झिन तरी किती तऱ्हेचं! बसचं हिरवं, स्कूटरचं काळं, न्हाव्याच्या खुर्चीचं लाल, दाताच्या डॉक्टरांचं फिकट निळं. तुकडे मशीनवर जोडून मास्तरांनी त्यांच्या चादरी केल्या आणि ताणून ताणून पिना मारल्या.

तीन भिंती झाल्या. चौथीकडे मास्तर वळले, तशा मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तीन भिंतींना वारा लागतो, त्या झाकल्या, उत्तम झालं. ही भिंत तर आतली आहे, हिला कशाला? त्यावर मास्तरांनी उस्तादांचं नाव काढलं, न दिसणारी बाजूसुद्धा झाकायची, वगैरे वगैरे. शिवाय त्यांनी भिंतीला तळहात लावून पाहिला होता. बाकीच्या भिंतींइतकीच गार होती. मास्तरीणबाईंनी नाद सोडला. त्यांना त्या आठवड्यात दुसराच वैताग होता. मागच्या गल्लीतली बेकरी धुराड्याच्या दुरुस्तीसाठी बंद होती आणि पावासाठी पार चौकापर्यंत चालत जावं लागत होतं.

चौथ्या भिंतीवर मास्तरांनी जीव ओतला. आई पाठ टेकते ती हीच, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून फोम दुप्पट. एका मोठ्या डॉक्टरांच्या गाडीचं गडद तपकिरी रेक्झिन त्यांनी कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. आता कळलं. वाकड्या सुईने त्यांनी शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडले आणि प्रत्येक कोपऱ्यात कापडाने मढवलेलं बटण खेचून बसवलं. काम संपल्यावर ते खोलीच्या दारात स्टूल टाकून बसून राहिले. मास्तरीणबाईंनी चहा आणून दिला आणि खरं ते कबूल केलं, की एवढं देखणं काम त्यांनी आजवर कोणा गिऱ्हाइकाचंही केलं नव्हतं.

आई परत आली. तिने चष्मा पुसला, चारही बाजूंना बघितलं आणि विचारलं की कंडक्टर कधी येणार. सुनेने लगेच दोरी ओढल्यासारखं केलं आणि तोंडाने घंटा वाजवली. मास्तर हसले, पण त्यांना थांबवत नव्हतं. हे कुठल्या गाडीचं, ते कुठल्या खुर्चीचं, सगळं सांगायचं होतं. दाताच्या डॉक्टरांचा तुकडा दाखवला तेव्हा आई म्हणाली, तरीच मघापासून माझे दात दुखताहेत. आईच्या तोंडात दात नावाला नव्हता.

मग ती तिच्या जागेवर बसली. तपकिरी भिंतीला पाठ टेकली. माळ मांडीवर ठेवली. नंतर म्हणाली, फार मऊ केलंस रे बाबा.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण दोन-चार दिवसांत मास्तरांच्या ध्यानात आलं की सकाळी आई मागच्या खोलीत नसते. चटई आणि माळ घेऊन ती स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला जाऊन बसायला लागली होती. विचारलं तर म्हणाली, इथे सुनेशी बोलता येतं. सून म्हणाली, नामस्मरण करताना कसलं बोलणं, आणि दोघी एकमेकींकडे न बघता कामाला लागल्या.

मास्तर मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. वारा येत नव्हता, हे नक्की. पडदा हलत नव्हता. पण खोली गार होती. वारा नसलेली गार, तळघरासारखी. एवढं करून खोली गारच? दादा येणार होते, आणि ते रेक्झिन बघणार नव्हते, पारा बघणार होते.

आता चूक शोधायची तर कुठे? मास्तर पाळत ठेवायला लागले. त्यांनी बघितलं, आई खोलीत आली की दर वेळी त्या तपकिरी भिंतीवर हात फिरवते. बटणावर बोट ठेवते, रेक्झिन दाबून बघते आणि हात काढून घेते. झालं. मास्तरांनी ओळखलं की गारवा तिथूनच येतोय. बाहेरून कुठेतरी भिंत मुरली असणार. त्यांनी दुकानातून आणखी दोन पोती आणली आणि चौथ्या भिंतीवर आणखी एक थर चढवला. ठोकाठोकीने शेजारपाजारच्यांचे कान किटले. भिंत आता पोट सुटलेल्या माणसासारखी पुढे आली होती.

खोली आणखी गार झाली.

मास्तर वरून तिसरा थर लावायच्या तयारीत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, लावा, लावा, खोली संपेपर्यंत लावा, मग आईंना भिंतीतच झोपवू. पण हे म्हणताना त्यांचाही चेहरा उतरला होता, कारण पहाटे आई थोडीशी खोकली होती. फार नाही, एकदोनदाच. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

त्याच सकाळी अंगणाच्या दारावर थाप पडली. बघतात तो मागच्या गल्लीतले बेकरीवाले. हे गृहस्थ उभे-आडवे सारखेच, भुवयांवर कायम पीठ, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. आले ते सरळ मास्तरांचे हात धरूनच उभे राहिले.

"मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू, सांगा."

मास्तरांना काही उलगडेना. त्यांनी बेकरीवाल्यांचं काही शिवलं नव्हतं. बेकरीवाले स्टुलावर टेकले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या भट्टीची पाठ मास्तरांच्या मागच्या खोलीला लागून होती. वर्षानुवर्षं त्यांची तक्रार होती की अर्धी आच तिकडेच निघून जाते. लाकूड घाला, घाला, आणि भट्टी आपली फुकट दुसऱ्याचं घर तापवतेय. दुरुस्तीनंतर भट्टी पेटवली तर काय, आच जागच्या जागी. लाकूड कमी लागतंय, पाव कसा फुलून वर येतोय. त्यांना वाटलं, ही गवंड्याची करामत. गवंड्याला बोलावून शाबासकी दिली. गवंड्याने ती घेतली, आणि वर एक अख्खा केकही घेऊन गेला.

"आणि काल वहिनी पाव घ्यायला आल्या, तेव्हा कळलं," बेकरीवाले म्हणाले. "म्हटलं, रोज पलीकडून ठोकतंय कोण? तर वहिनी म्हणाल्या, हे भिंतीला गादी लावताहेत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मास्तर, माझ्या भट्टीला गोधडी तुम्ही पांघरलीत."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मास्तरांच्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. बेकरी बंद होती तो आठवडा. गार भिंतीवर टेकवलेला स्वतःचा तळहात. दुप्पट फोम. आईच्या पाठीला म्हणून लावलेला दुप्पट फोम.

आई स्वयंपाकघराच्या दारात माळ घेऊन उभी होती. मास्तरांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पाठीला कळत होतं रे," आई म्हणाली. "देवाचं नाव घ्यायला बसलं की मागून कोणीतरी हात फिरवल्यासारखं वाटायचं. मला वाटायचं, देवानेच व्यवस्था केली आहे."

"मग बोलली का नाहीस?"

आईने माळ गुंडाळून मुठीत घेतली. "तू किती हौसेने केलं होतंस. दारात बसून बघत काय होतास त्या भिंतीकडे, मला सुनेने सांगितलं. आणि तुला लहानपणी त्या उस्तादाकडे ठेवलं, तेव्हा तूही काही बोलला नव्हतास. मुकाट्याने गेलास. म्हटलं, या वेळी मी गप्प बसते."

मास्तरांनी खिशातून पक्कड काढली, मागच्या खोलीत गेले आणि पहिली पिन उपटली.

आपल्याच हाताने ताणून बसवलेलं काम उपटायला किती वेळ लागतो, हे ज्याने कधी केलं असेल त्यालाच माहीत. प्रत्येक पिन घट्ट, कारण प्रत्येक पिन मास्तरांनी मारलेली. तपकिरी रेक्झिन सुटून लोंबायला लागलं तेव्हा बेकरीवाले दारातून हळहळले. आत्ता कुठे त्यांचं लाकूड पुरायला लागलं होतं. पण आजीबाईंकडे बघून त्यांनीच बाह्या सरसावल्या आणि पट्ट्या काढायला हात लावला. म्हणाले, जाऊ दे, पूर्वी तुमचं घर नकळत तापवत होतो, आता कळून तापवीन, पुण्य तरी माझ्या नावावर लागेल. मास्तरीणबाईंनी त्यांना बजावलं की मग गवंड्याकडून तो केक परत मागा.

भिंत उघडी झाली. मास्तरांनी तळहात ठेवला. आत भट्टीवर सकाळचं काम जोरात होतं. भिंत अशी लागली, जशी मघाच कोणीतरी उठून गेलेली सीट.

आता नुसतं उघडं सोडून देणं मास्तरांच्या हाताला जमणार नव्हतं. त्यांनी त्याच तपकिरी रेक्झिनची चपटी किनार शिवली आणि उघड्या भिंतीच्या चारही कडांना तसबिरीच्या चौकटीसारखी बसवली. भिंतीला चुन्याचा हात दिला. आईची खाट खिडकीखालून काढली आणि त्या भिंतीला लावली. आईचं बसणं झालं, झोपणंही झालं. बटणांचा जो मोठा तुकडा उरला, तो त्यांनी खोलीच्या दाराला आतून लावला. फळ्यांच्या फटीतून तिथे गारवा येतच होता, तोही थांबला.

दोन दिवसांत खोलीचा नूर पालटला. भट्टीची ऊब आत येत होती आणि बाकीच्या तीन भिंती तिला बाहेर जाऊ देत नव्हत्या. आई पुन्हा आपल्या जागी बसायला लागली. शेजारच्या मांजरीने कोणालाही न विचारता खाटेखाली मुक्काम हलवला. खोकला कुठे गेला, कळलंही नाही.

आणि मग उजाडला रविवार.

चहा गाळता गाळता मास्तरीणबाई एकदम थांबल्या. रविवारी बेकरीला सुट्टी असते, हे त्यांना तेव्हा आठवलं. भट्टी आदल्या संध्याकाळीच विझलेली. मास्तरांनी गाळणं त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवलं, जणू त्यानेच काही बिघडणार होतं. दादांना निरोप पाठवावा का, उद्या ये म्हणून? काहीतरी सबब सांगावी का? बेकरीवाल्यांना हातापाया पडून थोडंसं लाकूड टाकायला सांगावं का?

आई माळ ओढत होती, ती पुरी होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "काही करू नका. जशी खोली आहे तशी त्याला दिसू दे. मी रविवारी पण इथेच राहते ना."

मास्तरीणबाईंनी गाळणं परत उचललं आणि चहा गाळला.

दादा आले. कोटाच्या खिशात थर्मामीटर, काचेचा, दोरी लावलेला. बसचं हिरवं, न्हाव्याचं लाल, दाताच्या डॉक्टरांचं निळं बघून ते म्हणाले की हे काय, आईला घर दिलंस की गॅरेज. पण प्रत्येक भिंतीवर त्यांनी बोटं दाबून बघितली, आणि फोमची जाडी बघून मान हलवली; थंडी कशी अडवायची ते त्यांनाही कळत होतंच. उघड्या भिंतीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं की ही का सोडली, रेक्झिन संपलं का? मास्तर काही सांगणार, तेवढ्यात आई म्हणाली, आधी बस, मग विचार.

त्या भिंतीवर एक खिळा होता. दादांनी त्यावर थर्मामीटर अडकवला आणि खाटेवर बसले. आईने त्यांना पाठ टेकायला सांगितलं. त्यांनी टेकली. भट्टी कालपासून बंद होती, पण एवढ्या विटा एका रात्रीत कुठल्या निवतात? भिंत कोमट होती. आणि आत शिरलेली ऊब त्या तीन मढवलेल्या भिंतींआड दबा धरून बसली होती, कुठे जाणार? मास्तर दारात उभे होते.

आईने विषय काढला तो दादांच्या लहानपणाचा. दादा कसे पावसात भिजून यायचे आणि दप्तर मात्र सदऱ्याखाली कोरडं असायचं. दादा हसले. त्यांनी कोटाची बटणं सोडली. थोड्या वेळाने कोट काढला. मग पाय वर घेतले. आई सांगत होती, दादा हूं हूं करत होते, आणि हूंचं अंतर वाढत गेलं. शेवटी हूं आलंच नाही. कोल्ड स्टोरेजचा निवृत्त अधिकारी तोंड उघडं टाकून, भिंतीला डोकं लावून झोपला होता, आणि मांजर त्याच्या पायांशी.

आईने तोंडावर बोट ठेवलं. सगळे पाय न वाजवता बाहेर आले.

दादा उठले तेव्हा जेवणं खोळंबली होती. ते ओशाळले, डोळे चोळले, थर्मामीटर शोधायला लागले. खिळ्यावर मास्तरांचे ओले मोजे लटकत होते. मास्तरीणबाई धावत आल्या. तो खिळा मोज्यांचाच होता, पूर्वीपासून, तिथे मोजे छान वाळायचे. हात सवयीनेच गेला, आणि खाली काही आहे हे त्यांनी बघितलंच नाही. दादांनी मोज्यांखालून थर्मामीटर काढला, उजेडात धरला, बघितला, पुसला आणि खिशात ठेवला. पारा कुठे होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

जेवताना मात्र ते दोनदा म्हणाले की आई इथे बरी दिसते. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मास्तर पाणी आणायला उठले. पाण्याचा तांब्या ताटाजवळच होता.

निघताना दादा बूट घालता घालता, दुसऱ्याच कोणाचं बोलणं असल्यासारखं म्हणाले, "माझी ती वाचायची खोली आहे ना, उत्तरेकडची. तीही जरा गारच लागते. तुझ्याकडे काही उरलंसुरलं असेल तर..."

मास्तरांचं लक्ष लगेच व्हरांड्यातल्या पोत्यांकडे गेलं. बसचं हिरवं अजून बरंच होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, न्या, सगळं न्या, हवं तर यांनाही न्या, माझा व्हरांडा मोकळा होईल.

आई दारापर्यंत आली होती. तिने धाकट्याच्या बाहीला लागलेलं काथ्याचं तूस काढलं.

"जाशील तेव्हा मापाची टेप लावायच्या आधी वहिनीला विचार हो," ती म्हणाली, "त्या घरात कोण कुठे पाठ टेकतं ते."